मधलं बटण

विमानात आजोबांचा फोन सीटच्या फटीत पडला.

"सीट अजिबात हलवू नका हं. बॅटरी चेपली तर पेट घेते. मी आलेच," हवाई सुंदरी म्हणाली.

तिला यायला उशीर झाला. आजोबांनी आपल्या आणि शेजारच्या मुलीच्या सीटमधलं बटण हळूच दाबून पाठ मागे रेटली. कट्कन आवाज झाला आणि फटीतून धूर आला.

हवाई सुंदरीनं धावत येऊन पाण्याच्या बाटल्या ओतून आग विझवली.

"बटण कोणी दाबलं?" तिनं विचारलं.

"हिनंच! सतत चाळे चालू असतात," मुलीच्या पलीकडे बसलेल्या आईनं तिला धपाटा घातला.

"आई, मी नाही गं..."

"खोटं बोलू नकोस! आजोबांना सॉरी म्हण आधी."

आजोबांनी तोंड उघडलं.

"सॉरी, आजोबा," मुलगी मुसमुसत म्हणाली.

"असू दे, बाळा," आजोबा म्हणाले.