चौदावी पिन

आमची सून सकाळी सासूला चहा विचारत नाही, आधी गोठ्यात शेळीच्या पोटावरच्या पिना मोजते. आडवं आलेलं करडू डॉक्टरांनी पोट कापून काढलं आणि चौदा स्टीलच्या पिना मारून जखम मिटवली.

आज तेराच भरल्या. "करडानं गिळली!" म्हणत तिनं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, लगेच आणा, करडाचं पोट उघडून बघू. करडू छातीशी धरून ती रडतच लेकाच्या गाडीवर बसली.

तेवढ्यात मला खांद्याशी टोचलं. पहाटे कुडकुडणारी शेळी मी पदराखाली घेतली होती. पिन तेव्हाच पदरात अडकली होती. गाडी सुरू झाली. गप्प बसले असते तर माझा मान राहिला असता.

"उतर खाली! पिन माझ्या पदरात आहे. तुझं मोजणं बरोबर, चूक माझी. पण हे माहेरी सांगितलंस तर बघ!"