गाडीखालचं पाणी

मे महिन्यातल्या भर दुपारी शाहबाज पुण्याहून कान्ह्याला आला, तो एकटाच घरात शिरला. खाटेला खिळलेल्या नुसरतने आधी त्याच्या मागे पाहिलं.

"पोरीला न्हाई आणलंस?"

"ती आजोळी गेलीय, अम्मी. पुढच्या वेळी नक्की आणतो."

"जाऊ दे. तितंच करमतं तिला."

सुनेशी झालेल्या भांडणाचं तिने नावही काढलं नाही. तासाभराने तो उठला, तेव्हा नातीसाठी उशाशी जपून ठेवलेला करवंदांचा द्रोण तिने त्याच्या हाती दिला.

"घरी गेल्यावर देतो तिला," तो म्हणाला.

सरदारभाई मुलाला पोचवायला रस्त्यापर्यंत गेले. काळ्या काचांची गाडी चिंचेखाली उभी होती. तिच्या पोटाखालून पाणी ठिबकत होतं आणि खालची धूळ चांगली भिजली होती.

"अरं, गाडी गळतीया तुझी! वाटंत बंद पडंल."

"बिघाड नाही, अब्बा. एसी चालू असला की आतल्या हवेतली वाफ गार नळ्यांवर बसते. तिचंच पाणी होऊन खाली पडतं," शाहबाज सहज बोलून गेला, आणि त्याची नजर चटकन काळ्या काचेकडे गेली.

सरदारभाई थेंबांकडे बघत राहिले. पोरगा तर इतका वेळ घरात बसला होता. मग गाडी गार कुणासाठी ठेवली होती, हे त्यांनी विचारलं नाही. काचेकडेही त्यांनी पाहिलं नाही.

"करवंदं घरी जाईस्तोवर ठेवू नगंस," ते हळूच म्हणाले. "आत्ताच दे तिला."