आधी कोड नीट मांडा

"आधी कोड नीट मांडा, मग विचारा." प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर पुन्हा तेच उत्तर आलं आणि रोहिणीला मोबाईल भिंतीवर आपटावासा वाटला.

मागे खाटेवर तिची आई, भागूबाई, टॅबवर बोट दाबत होती. लकव्यानं तिची वाचा गेलेली, लिहिता-वाचता तर कधीच येत नव्हतं. म्हणून लेकीनं स्वतः कोड लिहून टॅबवर चित्रांची बटणं करून दिली होती. दाबलेलं बटण टॅब आधी साठवायचा आणि मग रोहिणीच्याच आवाजात बोलायचा. काल तिनं गोळीचं एक नवं बटण घातलं आणि सकाळपासून टॅब मुका झाला. पाणी पाजून झालं, कूस बदलून झाली, पंखा कमी करून झाला. आईची मान दर वेळी तशीच लटपटायची. हो म्हणतेय की नाही, देव जाणे.

तिसगावात कोड दाखवायचा तरी कुणाला? म्हणून तिनं तो मोबाईलवरून फोरमवर टाकला होता आणि फोरमनं त्याचा पार चिवडा केला होता. ज्यांवर कोडचा अर्थ ठरतो त्या ओळींआधीच्या मोकळ्या जागाच गिळून टाकल्या. बटणांच्या ओळींवर हॅशची (#) खूण देऊन लिहिलेल्या तिच्या खासगी टिपा मात्र मथळे समजून टोलेजंग अक्षरांत छापल्या: 'आई चिडली की हे', 'आईला परसाकडं लागली की हे'. आईची अब्रू जगभर मिरवली आणि चूक सांगायला कुणी तयार नाही. एका शहाण्यानं तर खाली हसरा चेहरा टाकला होता.

शेजारच्या साळूबाई दारातून डोकावल्या. "रोहिणे, ती सारखी तुझ्याकडंच बगतीया. काय म्हनती बग की."

"तेच तर कळंना, मावशी! तेच इचारतीय सगळ्या जगाला!" रोहिणीचा आवाज फाटला. "आई, थांब ना गं जरा. तुझंच चाललंय."

साळूबाई निघून गेल्या. रोहिणी रेंजसाठी खिडकीला चिकटून, खाटेकडं पाठ करून बसली. फोरमनं कोड जसाच्या तसा दाखवावा म्हणून अंगठ्यानं एकेका ओळीआधी चार-चार मोकळ्या जागा देत चालली. मध्येच कुठंतरी बोट लागलं आणि सगळं पुसलं गेलं. तेव्हा ती हमसून रडली आणि नाक पुसून पुन्हा पहिल्या ओळीपासून लागली. मागची टॅबवरची टकटक थांबली होती. डोळा लागला असेल, बरं झालं, असं तिला वाटलं.

या खेपेला कोड राखाडी चौकटीत सरळ उभा राहिला. उत्तर लगेच आलं. "आता वाचता येतंय. आवाजाची ओळ इतर ओळींपेक्षा चार जागा जास्त आत गेलीय, म्हणून ती चालत नाही. मागे घ्या."

एवढंच होतं! ती धावत खाटेपाशी गेली. आई जागीच होती, पण तोंड भिंतीकडं होतं. रोहिणीनं टॅब उचलला, ती ओळ मागे घेतली आणि प्रोग्रॅम चालू केला.

टॅब बोलायला लागला. सकाळपासून साठलेलं एकेक बटण, रोहिणीच्याच आवाजात.

"जवळ ये. जवळ ये. हात धर. जवळ ये. जवळ ये. जवळ ये. राहू दे."