मंगळवारचा निळा शर्ट

"कुठे निघाली स्वारी?"

"दवाखान्यात. सिस्टरने बोलावलंय," नवरा आरशात भांग पाडत म्हणाला. अंगात निळा शर्ट, वर अत्तराचा घमघमाट. हार्ट अटॅक येऊन तीन महिने झाले नाहीत, तोवर दर मंगळवारी हा गडी नवरदेवासारखा नटायला लागला होता.

सिगारेट सोडा म्हणून बायकोने पंचवीस वर्षं घसा कोरडा केला होता. सिस्टरने एकदा सांगितलं, सुटली. मीठ कमी केलं, रोज चाळीस मिनिटं चालायला लागला, गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घ्यायला लागला. बायकोचा नुसता जळफळाट होत होता. यमाच्या दारातून ओढून आणला मी, आणि मिरवणार ती! त्याला बंद झालेले खारे दाणे आता हीच रागारागाने संपवायची.

"थांब, आधी यंत्र नीट चालतंय का बघू," म्हणत त्याने रोजच्यासारखा रक्तदाबाचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. मग स्वतःच्या. वहीत काहीतरी खरडलं. "या यंत्राचा काही भरवसा नाही."

"मीही येते."

"तू? तूच म्हणतेस ना, दवाखान्यात जायला मला काय धाड भरलीये?"

तो शीळ घालत गेला. कालही गॅलरीत फोनवर कुजबुजत होता, दार लोटायचं मात्र विसरला होता. "घरी सांगितलं तर सगळंच फिसकटेल, सिस्टर. उद्या अकराला." तिने सगळं ऐकलं होतं.

तिने चपला घातल्या.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात ती तीनदा कठडा धरून थांबली. पदराने घाम पुसला. रागाने धाप लागतेच माणसाला. मग तिने दार धाडकन ढकललं.

"कुठंय ती भवानी?"

पन्नाशीच्या सिस्टरने चष्म्यावरून पाहिलं. शेजारी नवरा पट्टा उलगडून बसला होता. समोरची खुर्ची रिकामी होती.

"चार मंगळवार लागले हो," सिस्टर त्याला म्हणाली.

"तपासायला चल म्हटलं असतं तर उंबरा ओलांडला नसता हिने," तो म्हणाला. "बस गं जरा."

सिस्टरने फाईल उघडली. दोन महिन्यांचे रोजचे आकडे होते, बरेचसे लाल शाईने अधोरेखित. वर नाव तिचं होतं.