स्टिकरवर सत्तर हजार

"स्टिकरवर कंपनीची जी किंमत लिहिलीय, तिच्या वर सत्तर हजार डॉलर," क्लेटन बीम म्हणाला.

व्हर्न हॉस्टेटलरला वाटलं, गडी गंमत करतोय. लिहिलेला चेक त्याने तसाच हातात धरला. शोरूममध्ये मागे ती उभी होती. गर्द हिरवी, जमिनीला पोट टेकवलेली. कंपनी अशा मोजक्याच गाड्या काढणार होती आणि इंडियानातल्या या आडगावच्या डीलरच्या वाट्याला एकच आली होती. तिच्यासाठी पहिलं नाव व्हर्नचं. क्लेटनने तेव्हा नुसता हातात हात दिला होता, आणि या गावात तेवढं पुरतं.

"क्लेट, थट्टा पुरे. चावी आण."

"थट्टा नाही. माल एक आणि गिऱ्हाइकं ढीगभर. सगळेच डीलर वर लावतायत."

"लावू देत की! पण तू माझ्यावर लावतोस? तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी अंगठी सांभाळत कोण उभं होतं रे?"

"धंदा आहे, व्हर्न."

क्लेटन त्याच्याकडे बघेना. तो काचेतून बाहेर बघत होता. बाहेर व्हर्नची बायको लोइस त्यांची गाडी सुरू ठेवून बसली होती.

व्हर्नने तिथल्या तिथे चेक फाडला. तरुणपणी तो मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारायचा. मग लग्न, मुलं, खडी वाहायचे ट्रक. सगळ्यांचं सगळं करून झालं की एक वेगवान गाडी स्वतःसाठी, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. ट्रक विकून स्टिकरची किंमत जेमतेम जमली होती. वरचे सत्तर हजार तो सात जन्मांत आणू शकला नसता, आणि हे क्लेटनइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

घरी लोइसनेच गाडी नेली. तिला म्हातारपणी गाडी चालवायची हौस आली होती. सगळ्या वाटेत तिने रस्त्यावरची नजर हलवली नाही. आपल्याइतकंच तिलाही लागलंय, असं व्हर्नला वाटलं.

दुसऱ्या दिवशी डायनरमध्ये कॉफीबरोबर त्याने क्लेटनची सालटी काढली.

"मैत्रीलाही वरचा भाव लावतो मेला!"

"उद्या गुड मॉर्निंग म्हटलं तर बिल पाठवील," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खो खो हसले.

डीलर लोभी निघाला हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. हळूहळू गावाने क्लेटनकडून गाड्या घेणं सोडलं. लोक हायवेवरच्या डीलरकडे जाऊ लागले. तो तर याहून जास्त वर लावायचा. पण तो परका होता, त्याला लुटायचा हक्क होता.

क्लेटनने कुणालाही उत्तर दिलं नाही. वर्ष उलटल्यावर हिरवी गाडी टेक्सासच्या एका माणसाने नेली, तीसुद्धा म्हणे स्टिकरच्याच भावात.

"बघ, अति हाव केली की असं होतं," व्हर्न लोइसला म्हणाला. ती सिंकमध्ये भांडी घासत राहिली.

पुढच्या वसंतात क्लेटनच्या शोरूमला कुलूप लागलं. अग्निशमन दलाच्या फिश फ्रायच्या गावजेवणात तो शेवटचा दिसला. हॉलमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसलं नाही. जाताना तो व्हर्नपाशी थांबला आणि त्याने हात पुढे केला.

"ॲरिझोनाला मुलीकडे चाललोय. परत येणं व्हायचं नाही."

व्हर्नने हात खिशात घातला. "तुझ्याशी हात मिळवायचे किती पडतात हल्ली?"

टेबल हसलं. क्लेटनही कसंनुसं हसला. लोइसने मान खाली घातली आणि ताटातला मासा चिवडत बसली.

क्लेटन वारल्याची बातमी पानगळीत आली. व्हर्नला दोन दिवस जेवण गेलं नाही. चर्चमधल्या त्याच्यासाठीच्या प्रार्थनेहून परतताना मात्र त्याला राहवेना.

"हात द्यायला हवा होता मी, लोइस. लोभी असला तरी माझा दोस्त होता. एका पत्र्याच्या डब्यासाठी मी त्याला गावातून उठवलं. त्याने एकदा जरी सांगितलं असतं ना, की पैशांची नड आहे म्हणून, तर मी समजून घेतलं असतं."

लोइसने मक्याच्या शेताकडेला गाडी थांबवली. तिने इंजिन बंद केलं.

"त्याला पैशांची नड नव्हती, व्हर्न. तुला डाव्या बाजूचं दिसेनासं झालंय. तेव्हा तू चालवत असताना शाळेच्या कोपऱ्यावर मी स्टिअरिंग ओढलं नसतं, तर एक पोर तुझ्या चाकाखाली आली असती, आणि तुला ती शेवटपर्यंत दिसलीच नाही. तुला हे सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी क्लेटकडे गेले. याला कधीच झेपणार नाही असा आकडा सांग, म्हणाले, आणि मरेपर्यंत तोंड उघडू नकोस."