तुलेचं धान

"पळायचं नाही, फक्त चालायचं," ओमेश सर मैदानाच्या मधोमध उभे राहून सांगत होते. "ज्याला शिवलं, त्यानं बेडकासारखं खाली बसायचं. दुसऱ्यानं येऊन सोडवेपर्यंत उठायचं नाही."

शिट्टी वाजली आणि मुलं पांगली. गोंदियाजवळच्या मुर्रीच्या या मैदानावर सकाळी येणारी सगळीच मुलं अंगानं जड होती, डॉक्टरांनी पाठवलेली. सर त्यांच्यासमोर 'व्यायाम' हा शब्द काढत नसत. वजनकाटा मैदानात आणायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

दिव्या भिंतीपाशी, रस्ता दिसेल अशी उभी होती. कोणी ओळखीचं येताना दिसलं, तर बाजूला होता यावं म्हणून. आपली मुलगी रुची कराटेला जाते, असं तिनं शेजारी सांगून ठेवलं होतं.

रुचीला कोणीतरी शिवलं. ती बसली, आणि सोडवल्यावर दोन्ही हात जमिनीला टेकवून उठली. टी-शर्ट पोटावरून वर सरकला. दिव्यानं नजर फिरवली. तेवढ्यात माहेरून, सौंदडहून, भावाचा, लीलाधरचा फोन आला.

त्यानं आधी मंडईचं, दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेचं सांगितलं. नाटक ठरलं होतं, पाहुण्यांना निरोप गेले होते. मग तो नवसावर आला. रुची सातव्या महिन्यात जन्मली, तेव्हा त्यांच्या मायनं गावदेवी मातामायला बोललं होतं, पोर जगली तर दहाव्या वर्षी धानानं तोलीन. रुचीला दहावं लागलं, आणि पोळ्याच्या आधी माय गेली. आता मंडईच्या दिवशी, गाव आणि सोयरे सगळे जमलेले असताना, देवळासमोरच्या कडुलिंबाला मोठा काटा टांगायचा होता.

"मायनं धान काढून ठेवलं आहे, ताई," लीलाधर म्हणाला. "लय आहे. मी म्हटलं, एवढं कायले? तर म्हणे, कमी पडाले नोको. पोरगी पारड्यात बसून राहीन अन् तुम्ही घरी धान आणाले धावान, तर लाज वाटन तिले."

 दिव्याला कडुलिंबाखालचं पारडं दिसत होतं. त्यात मांडी घालून बसलेली रुची. समोरच्या पारड्यात एक टोपलं, अजून एक, अजून एक. भोवती मामेबहिणी, चुलत्या. कोणीतरी हात उंच करून मोबाईल धरलेला.

"रुचीची परीक्षा आहे," ती म्हणाली.

"मंडईच्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. तिचं वजन सांगून देते. तेवढं मोजून वाहून दे."

"पोरीबिगर धानाची तुला होते का?"

"होते. मी विचारलं."

कोणाला विचारलं, हे लीलाधरनं विचारलं नाही. दिव्यानं आकडा सांगितला. रुची तिसरीत होती तेव्हाचा. ती आता केवढी झाली आहे, ते लीलाधरला ठाऊक होतं. आजीच्या तेरवीला रुचीला गोंदियाहून स्वतःच्या मोटारसायकलवर बसवून त्यानंच नेलं होतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणशीन तसं."

फोन ठेवून ती वळली, तर रुची मागेच उभी होती. भिंतीवर ठेवलेली पाण्याची बाटली घ्यायला आलेली. तिनं झाकण उघडलं, पाणी प्यायली, बाहीनं तोंड पुसलं आणि झाकण नीट फिरवून बाटली होती तिथं ठेवली.

"केव्हा आली तू?" दिव्यानं विचारलं.

"आत्ताच."

सरांनी मुलांना विसावा दिला होता. मुलं गवतावर आडवी झाली होती, एकमेकांना पायांनी ढोसत होती. रुची त्यांच्यात गेली नाही. ती सरांसमोर जाऊन उभी राहिली. भिंत तिथून लांब नव्हती.

"सर, मंडईपर्यंत माझं वजन एवढं होईन का?" तिनं आकडा सांगितला. तोच.

सर हसले नाहीत. ते उकिडवे बसले, तिच्या उंचीला आले. तेवढं होणार नाही, व्हायलाही नको, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या आठवड्यात एका फेरीत ती धापा टाकत होती, आता बोलत बोलत चालते, आपण तेच बघायचं. मग त्यांनी भिंतीकडे एकदा पाहिलं.

"हा आकडा कोणी दिला, बेटा? मम्मीनं?"

रुचीनं जोरात मान हलवली. "नाही. माझी मातामायजवळ तुला करणार आहेत. आजीनं धानच तेवढं ठेवलं आहे."

"मग आजीला सांग ना, थोडं जास्त काढ म्हणून."

"आजी मरून गेली," रुची म्हणाली.

सर काही बोलायच्या आत ती वळली. बाकीची मुलं गवतावरच होती. ती एकटीच मैदानाच्या कडेनं पळायला लागली. चालत नव्हती, पळत होती. गाल हलत होते, टी-शर्ट पुन्हा वर सरकला होता आणि तो खाली ओढायला ती थांबत नव्हती.

ती भिंतीपाशी आली, तेव्हा दिव्यानं पुढे होऊन हात लांबवला.

रुचीनं अंग चोरलं, हाताला मोठा वळसा घातला आणि पुढे गेली. शिवलं तर खाली बसावं लागेल, तशी.