पुरा पत्ता

मराठी मंडळाची वेबसाइट नव्या नावाने सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, "जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्या साइटच्या पहिल्या पानावर सोडा, झालं." मी मात्र बाळाला मांडीवर घेऊन तीनशे जुन्या पानांसाठी वेगवेगळे नियम लिहिले, म्हणजे जुना पत्ता टाकला की नव्या साइटवर तेच पान उघडेल. एखादं सुटलं तर, ही धाकधूक होतीच.

"कावून एवढं करून राहिली, बाई?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, रुआबांध्याचं क्वार्टर सोडून जामुलच्या नव्या घरी गेलात, तेव्हा जुन्या फाटकावर नुसतं 'जामुल' लिहिलं होतं का?"

"नाई. गल्ली, घर नंबर, सगळं. पाहुणा भटकला असता ना!"

मग डायरीत लिहून ठेवलेला साइटचा एक जुना पत्ता त्यांनी एका बोटाने टाइप केला. नव्या साइटवर थेट, गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईंचं पान उघडलं, रांगोळीचं बक्षीस घेतानाचं.

"पाह्यलं, रंभा?" बाबा फोटोला म्हणाले. "आपली सून पत्ता पुरा लिहिते."